किल्ली हातात देऊन

नागोया,
८ फेब्रुवारी २००९

श्री. मोहनराव कुंभोजकर यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. माझं नाव सुप्रभा वर्तक. तुमचा मुलगा प्रथमेश नागोयात ज्या इमारतीत राहतो, तिथेच त्याच्या खालच्या मजल्यावर मी, माझे मिस्टर प्रसन्न आणि आमची मुलगी नुपूर राहतो. प्रसन्न आणि प्रथमेश दोघेही गाड्यांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करतात, पण कंपन्या वेगळ्या. गणपतीत प्रथमेश आमच्याकडे आरतीला येतो. नुपूर पहिलीत आहे, तिला तो गणितं घालतो.

लिहायचं कारण असं, की डिसेंबरच्या अखेरीस तो एक बॅग घेऊन आमच्या दारात आला आणि सुट्टीत मिरजेला चाललोय म्हणाला. काही आणायचं का असंही त्याने विचारलं. मी मेतकूट सांगितलं. त्यानंतर तो परतला नाही. मोबाइल बंद लागतो, ई-मेलला उत्तर नाही. आमच्या घरमालकीण मिझुनो-सान तळमजल्यावर राहतात, सत्तरीच्या आहेत. त्यांनी भाडेकरार काढून दाखवला. त्यात अडीअडचणीला कळवायचं म्हणून तुमचं नाव आणि पत्ता होता. फोन नंबरही होता, पण तो बहुधा जुना असावा, लागत नाही. म्हणून हे पत्र.

त्याला तिकडेच नोकरी मिळाली असेल, किंवा घरी काही अडचण असेल. मंदी आल्यापासून इथून बरेच जण परत गेलेत. त्यात गैर काही नाही. पण त्याचं घर अजून त्याच्याच नावावर आहे. इथे घर सोडायचं तर महिनाभर आधी सही करून लेखी कळवावं लागतं. मग सामान हलवायचं, गॅस, वीज, पाणी बंद करायचं, आणि शेवटच्या दिवशी मालकांबरोबर घर फिरून, काय कुठे खराब झालंय ते दोघांनी बघून, किल्ली द्यायची. तो स्वतः येऊ शकत नसेल, तर सही केलेली नोटीस आणि 'सामान टाकून द्यायला माझी हरकत नाही' एवढं त्याने लिहून पाठवलं तरी मिझुनो-सान चालवून घेतील. बाकीचं मी करीन. आमचंही इथलं पोस्टिंग मार्चअखेर संपतंय, आम्ही पुण्याला परततोय. त्यामुळे या सगळ्या ऑफिसांतून माझ्या चकरा चालूच आहेत. आणखी एक घर आवरणं काही जड नाही.

त्याला सांगा, वहिनी रागावली आहे. असं न सांगता राहायला नको होतं.

तुमची,
सुप्रभा वर्तक


मिरज,
२३ फेब्रुवारी २००९

सौ. सुप्रभाताई वर्तक यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळून आठवडा झाला. उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो. प्रथमेश मिरजेला आलेला नाही.

डिसेंबरात त्याने आम्हाला सांगितले, की कामाचा फार रेटा आहे, रजा मिळत नाही. त्याच्या आईने, म्हणजे लताने, त्याच्यासाठी केलेले लाडू आम्हीच संपवले. तो दर रविवारी सकाळी न चुकता फोन करतो. परदेशी फोनच्या कार्डावरून करतो, त्यामुळे नंबर उमटत नाही. आधी आईशी बोलतो, मग ती फोन माझ्याकडे देते. थंडी कशी आहे, बर्फ पडला का, ऑफिसात काय, एवढेच आमचे बोलणे असते.

काल फोन आला तेव्हा आपले पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. लता शेजारी बसलेली. मी त्याला विचारले, तुझ्या घरमालकीणबाई कशा आहेत? तो म्हणाला, "बऱ्या आहेत. कालच संत्री आणून दिली त्यांनी." मी बरे म्हटले आणि फोन परत लताच्या हातात दिला.

मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली. चोरून नळ घेतलेली माणसे माझ्यासमोर उभी राहून शपथा घेत आणि मला ते बरोबर कळे. स्वतःचा मुलगा खोटे बोलतो आहे, हे मात्र परक्या बाईच्या पत्रावरून कळावे लागले.

लताची गेल्या वर्षी बायपास झाली. तिला मी अजून काही सांगितलेले नाही. आमचा फोन तिच्या उशाशी असतो, म्हणून नवा नंबर मुद्दाम देत नाही. पत्रही घरी नको. मी रोज सकाळी नगर वाचनालयात पेपर वाचायला जातो. तिथल्या कल्पनाताई माझे टपाल ठेवून घेतील. पत्ता मागे लिहिला आहे.

आपल्याला त्रास देतो आहे याची जाणीव आहे. पण मिझुनोबाईंना सांगून एकदा ते दार उघडून पाहता येईल का? वडील या नात्याने माझी संमती आहे. आणि त्याच्या कंपनीत चौकशी करता आली तर करावी. तो कुठे आहे हे मला कळत नाही आणि कुणाला विचारताही येत नाही.

आपला,
मोहन कुंभोजकर


नागोया,
५ मार्च २००९

श्री. मोहनराव यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी प्रसन्नच्या हातात दिलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली. पहिल्या पत्रात मी वहिनी रागावली आहे वगैरे लिहिलं, त्याची लाज वाटली.

कंपनीत फोन केला. एक मुलगी फार अदबीने बोलली. कुंभोजकर-सान डिसेंबरपासून आमच्याकडे नाहीत, एवढंच तिने सांगितलं. प्रसन्नने ओळखीत विचारलं. डिसेंबरात त्या कंपनीने कंत्राटावरची बरीच माणसं एकदम कमी केली, त्यात प्रथमेश होता. म्हणजे आमच्या दारात येऊन मेतकुटाचं विचारलं, तेव्हा त्याची नोकरी गेलेली होती. आम्हाला कळलं नाही. वरच्या मजल्यावर राहत होता आणि कळलं नाही.

तुमचं पत्र मी मिझुनो-सानना जपानीत सांगितलं. त्यांनी चौकातल्या पोलीस चौकीतून एका पोलिसाला बोलावून आणलं आणि त्याच्यासमोर त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. मीही गेले. घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे आधी लिहिते. चार दिवसांसाठी गेलेल्या माणसाचं घर असतं तसंच होतं. गाद्या घडी घालून ठेवलेल्या. दोरीवर टॉवेल, वाळून कडक झालेला. तांदळाच्या डब्यात किडे झाले होते आणि फ्रिजमधून वास येत होता. मिझुनो-सान आतल्या कशालाही हात लावू देईनात. भाडेकरूच्या सहीशिवाय त्यांना साधा टॉवेलही उचलता येत नाही, कायदा तसा आहे. वडिलांची संमती दार उघडण्यापुरती झाली. घर सोडण्यासाठी सही त्याचीच लागते. तोपर्यंत ते घर असंच त्याच्या नावावर राहणार.

निघताना मिझुनो-सान म्हणाल्या, "रिकामं घर मी झाडून घेईन. राहतं असेल तर दिवा दिसेल. हे दोन्ही नाही."

एक गोष्ट मात्र मी पाहिली आणि ती तुम्हाला मुद्दाम कळवते. कपाट उघडंच होतं, त्यात एक हँगर रिकामा होता. मुलाखतीला घालतात तो काळा सूट त्यावर असायचा, मी बघितलेला आहे. टाय नव्हता. नोकरीच्या अर्जाला लावायचे फोटो टेबलावर पडले होते, त्यातले काही कापून नेलेले. पासपोर्टही कुठे दिसला नाही. तो कुठेतरी नोकरी शोधतोय. मला तरी त्याचा अर्थ तोच वाटतो.

आमचं घर आता खोक्यांनी भरलंय. कचऱ्याचे इथे वार ठरलेले असतात, मोठ्या वस्तूंना दुकानातून स्टिकर आणून लावायचे, मग पालिकेची गाडी येते. रोज काहीतरी बाहेर काढते आणि घर तेवढंच भरलेलं वाटतं. नुपूरशी मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते. पुण्याच्या शाळेत कसं होणार म्हणून विचारलं, तर तेही जपानीत, "माहीत नाही."

प्रथमेश फोन करेल तेव्हा त्याला काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा. मी काय सुचवणार? पण आम्ही इथे असेपर्यंत तो आला तर बरं होईल.

तुमची,
सुप्रभा


मिरज,
१६ मार्च २००९

सौ. सुप्रभाताई यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रातली हँगरची हकिकत मी वाचनालयात बसून पुन्हा पुन्हा वाचली. कल्पनाताईंनी न विचारता पाणी आणून दिले.

काल रविवारी मी लताला तिच्या बहिणीकडे, वीणाकडे, सांगलीला पाठवले. वीणाच्या गुडघ्याचे निमित्त होते. घरात मी एकटा राहिलो. फोन आला. आई कुठे आहे, असे त्याने विचारले. मी सांगितले. मग नेहमीसारखे थंडीचे सुरू झाले, तेव्हा मी म्हणालो, "प्रथमेश, तुझ्या घराची किल्ली कुठे आहे?"

मागे कुठल्या तरी स्टेशनवरची घोषणा चालली होती, ती मला ऐकू येत होती. ती संपल्यावर तो म्हणाला, "माझ्याकडे आहे."

मी म्हणालो, "घर सोडायचे असेल तर सोड. नोकरी गेली, जाते. पण त्या बाईंच्या हातात किल्ली देऊन सोड. त्यांना ते दार उघडता येत नाही आणि बंदही करता येत नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने विचारले. मी आपले नाव सांगितले. आपल्यावर रागावेल असे वाटले, पण लपवाछपवी पुरे झाली होती. आईला माहीत आहे का, हे त्याने विचारले. नाही म्हटल्यावर फोन बंद झाला. कार्ड संपले की त्याने ठेवला, ते समजले नाही.

मी त्याला ओरडायला हवे होते का, की आणखी मऊ बोलायला हवे होते, हे मला सांगता येत नाही. तिशीला आलेला मुलगा आहे. त्याला शेवटचे मी कधी ओरडलो तेही आठवत नाही. आपल्याकडे काही कळल्यास लिहावे.

आपला,
मोहन कुंभोजकर


मिरज,
२३ मार्च २००९

सौ. सुप्रभाताई यांस,

आपले पत्र येण्याची वाट न पाहता लिहितो.

काल रविवार. फोन आला नाही. लता आंघोळ उरकून सकाळीच फोनपाशी बसली. दहा वाजता म्हणाली, लाइन बघा बरं चालू आहे का. मी उचलून पाहिले, चालू होती. जेवायला ती उठली नाही. दुपार कलली तेव्हा मला ते बघवेना. मी तिच्यासमोर बसून सगळे सांगितले. नोकरी गेली, नागोया सोडले, आम्हा दोघांशी खोटे बोलत होता, कुठे आहे माहीत नाही. सांगताना माझे सगळे लक्ष तिच्या छातीकडे. गोळी मुठीत धरून बसलो होतो.

ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "जेवतो कुठे?"

इतक्या दिवसांत मला तो प्रश्न पडला नव्हता.

आता पत्र घरच्या पत्त्यावर पाठवले तरी चालेल. फोनही करू शकता. नंबर खाली देतो.

मोहन कुंभोजकर


नागोया,
३० मार्च २००९

ती. मोहनराव आणि सौ. लताताई यांस,
सा. न.

प्रथमेशने इथून तुम्हाला फोन केला, त्यानंतर हे पत्र पोहोचेल. तुमचं तेवीस तारखेचं पत्र आजच आलं, तोवर तुमचं बोलणं होऊन गेलं होतं. तरी सगळं लिहून काढते, कारण तो स्वतः किती सांगेल याची खात्री नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मी जिन्याखाली आमच्या कपाटावर स्टिकर लावत होते. मान वर केली तर समोर तो उभा. तोच काळा सूट, खांद्यात सैल झालेला. नमस्कार नाही, काही नाही. "वहिनी, मिझुनो-सान घरात आहेत का?" म्हणाला. मी नुसतं हो म्हटलं. तो हललाच नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी त्याच्या पुढे होऊन बेल वाजवली.

मिझुनो-सान दारात आल्या. हा कमरेत वाकला, तो वाकलेलाच राहिला. त्यांनी त्याला आत यायला सांगितलं, दारातून वारा येतो म्हणून. चहा ठेवला. मग त्या बोलायला लागल्या, आणि मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. जिना चढताना रोज तुमचं विजेचं मीटर फिरतंय का बघत होते, म्हणाल्या. घर झाडता येईना, दुसऱ्याला देता येईना, कुणी विचारलं तर सांगता येईना. तो माफी मागत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "जाताना तुम्ही मला 'येतो' म्हणालात."

इथेही घरातून निघताना लोक आपल्यासारखंच 'जाऊन येतो' म्हणतात, आणि घरातला माणूस 'जाऊन या' म्हणतो. त्यांनी त्याला 'जाऊन या' म्हटलं होतं. प्रथमेशच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. त्यानंतर दोघांनी कागद पुढे घेतला. नोटीस त्याने तिथेच बसून लिहिली, सही केली. भाड्याचं काय ते त्या दोघांनी ठरवलं, मी उठून आले.

पुढचे दिवस आम्ही त्याचं घर आवरलं. वीज तोडलेली होती, म्हणून उजेड असेपर्यंतच काम करायचं. तो त्याच खोलीत झोपायचा, पांघरूण आमचं. कुजलेलं सगळं फेकलं, जळणारा कचरा एकीकडे, डबे-बाटल्या दुसरीकडे. गॅसच्या शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा तेलाने इतका चिकट झाला होता, की दोघं मिळून घासत होतो. त्या घासण्यात तो बोलायला लागला. माझ्याकडे न बघता.

नोकरी गेल्यावर सुरुवातीला तो रोज ऑफिसच्या वेळेला घरातून निघत होता. आम्ही जिन्यात भेटायचो, मी त्याला हात करायची. इथे मेट्रोची एक लाइन शहराला गोल फिरते. तीत बसून राहायचा. फिरून फिरून तीच स्टेशनं. त्याच्या बाकावर शेजारी येऊन बसणारी माणसं उतरायची, हा नाही. मग एकदा त्याच डब्यात मिझुनो-सान चढल्या, दवाखान्यात चालल्या होत्या. त्यांनी त्याला पाहिलं नाही. पण इथे आता राहता येणार नाही असं त्याला वाटलं, आणि तो ओसाकाला गेला. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, तेच त्याला हवं होतं. एका स्वस्त वसतिगृहात राहिला, सकाळी मुलाखती आणि दुपारनंतर गोदामात खोकी उचलायचं काम. नोकरी लागली की नागोयाला येऊन सगळं सांगायचं, असं ठरवलेलं. ती लागलीच नाही.

मी त्याला विचारलं, आईबाबांना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "दर रविवारी ठरवायचो, आज सांगायचं. आई फोन उचलून आधी जेवलास का विचारायची. मग राहून जायचं."

मी पंखा घासत राहिले. लताताई, खरं सांगते, मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटत होता. दोन्ही केलं नाही. इथे येऊन मीही पाच वर्षं आईला सगळं छान आहे असंच सांगत आलेय.

शनिवारी घर रिकामं झालं. गॅसचा माणूस येऊन गेला. मिझुनो-सान वर आल्या, चष्मा लावून. एकेक भिंत बघितली, नळ सोडून बघितला, खिडक्या सरकवल्या. एका ठिकाणी खिळ्याचं भोक होतं, ते प्रथमेशनेच पुढे होऊन दाखवलं. खोलीभर बसवलेल्या गवती चटया उन्हाने पिवळ्या पडल्या होत्या आणि टेबल होतं तिथे एक हिरवट चौकोन राहिला होता. त्या म्हणाल्या, हे वापरण्यातलं आहे, याचे पैसे तुम्हाला पडणार नाहीत. मग दारात येऊन प्रथमेशने दोन्ही हातांनी किल्ली दिली आणि त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. त्या त्याला म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा." दमलात, असा त्याचा अर्थ. ऑफिस सुटताना इथे सगळेच एकमेकांना तसं म्हणतात, त्यात विशेष काही नसतं. पण तो जिना उतरून गेला, तरी मी दारातच उभी होते. मिझुनो-सान माझ्याकडे वळल्या आणि मलाही तेच म्हणाल्या.

उद्या आमची किल्ली द्यायची आहे. प्रसन्न पुढचं सामान लावायला आधीच पुण्याला गेलाय, त्यामुळे घर मीच फिरून दाखवणार. प्रथमेश काल ओसाकाला गेला, तिथलं आवरून एप्रिलमध्ये निघेल. तिकीट काढलंय. मी डोळ्यांनी बघितलं.

नुपूरने त्याला विचारलं, तू पण पुण्याला येणार का? त्याने मिरज म्हणून सांगितलं. तिला दोन्ही गावं सारखीच.

तुमची,
सुप्रभा


मिरज,
२० मे २००९

चि. सौ. सुप्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पुण्याचे कार्ड मिळाले. घर लागले आणि नुपूरला शाळेत घेतले हे वाचून बरे वाटले. तुला आता अहोजाहो लिहिणे मला जमत नाही, तेव्हा रागावू नकोस.

प्रथमेश एप्रिलच्या मध्यावर आला. स्टँडवर मी एकटाच गेलो होतो. बसमधून उतरला तेव्हा मी त्याला ओळखले, पण बॅग घ्यायला पुढे होईपर्यंत थोडा वेळ गेला. घरी लताने त्याला काही विचारले नाही. वाढले. तो जेवत होता आणि ती समोर बसून होती. मग तो झोपला. पहिला पंधरवडा तो नुसता झोपायचा. मी पेपर वाचून यायचो तेव्हा झोपलेला, जेवण झाले की पुन्हा झोपलेला. मला काळजी वाटे. लता म्हणे, झोपू द्या.

खरा त्रास बाहेरच्यांचा झाला. माणसे येऊन विचारू लागली. एवढ्यात कसा आला, लग्नाचे बघताय का, परत कधी जाणार. आणि तुला सांगायला संकोच वाटतो, पण मी सगळ्यांना सांगत राहिलो, की रजेवर आला आहे. मोठी रजा आहे, असेही म्हणालो. तो आतल्या खोलीतून ते ऐकत असे. त्याला मी फोनवर जे शहाणपण सांगितले, ते मला माझ्या अंगणात पाळता आले नाही. एकदा एक जण त्याच्यासाठी स्थळ घेऊन आला, तेव्हाही मी जपानमधल्या नोकरीचेच बोललो. तो माणूस गेल्यावर प्रथमेश बाहेर आला, माझ्याकडे बघितले आणि परत आत गेला.

नोकरी अजून नाही. पुण्याला दोन ठिकाणी जाऊन आला, कळवतो म्हणाले आहेत. कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकवायला जावे का, असा विचार चालू आहे. त्यात त्याचे मन नाही हे दिसते. तसे सगळे लगेच ठीक होईल असे मी धरूनही चाललेलो नाही. आम्ही तिघेही थकलो आहोत. घरात फार बोलणे होत नाही. पण तो आता सकाळी उठतो आणि लताच्या आधी चहा टाकतो.

परवा सकाळी लताने दळणाचा डबा काढून ठेवला होता. मी निघालो, तर तो मागून आला आणि डबा माझ्या हातातून घेतला. आम्ही चालत गिरणीवर गेलो. गिरणीत बरीच माणसे होती. आमच्या आळीतले होते, माझ्या खात्यातले एक जुने सहकारीही होते. गिरणीवाल्याने प्रथमेशला लहानपणापासून पाहिलेले. गिरणीच्या आवाजात तो मोठ्याने म्हणाला, "काय प्रथमेश, सुट्टीवर?"

मी तोंड उघडले होते. माझ्या आधी प्रथमेश बोलला. गिरणीच्या आवाजामुळे त्यालाही मोठ्यानेच बोलावे लागले. "नाही. नोकरी गेली तिथली. परत आलोय."

सगळ्यांनी ऐकले. माझे सहकारी माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

गिरणीवाला म्हणाला, "बरं झालं आलास." मग डब्याचे झाकण उघडून त्याने ज्वारी मुठीत घेतली, निवडलेली आहे का ते पाहिले, आणि बारीक दळू की जाडसर, असे विचारले. प्रथमेशने माझ्याकडे पाहिले नाही. बारीक, असे त्याने स्वतःच सांगितले.

येताना डबा गरम होता, म्हणून तो हात बदलत चालत होता. मी घेतो म्हटले, त्याने दिला नाही.

मिरजेवरून जाणे झाले तर नुपूरला घेऊन ये. लता वाट बघेल.

तुझा,
मोहनकाका